काकाला आहे म्हणून पुतण्याला होईलच का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया हा भास-संशयाचा मानसिक आजार आहे, निदान होऊन ३० वर्षं झाली. बारावीला बोर्डात आलेला पोरगा, पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मेसचं जेवण सोडलं, म्हणे त्यात काहीतरी कालवतात. तेव्हापासून घरीच असतो. आता माझ्या १८ वर्षांच्या मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय आणि माझी आई म्हणते पाठवू नका, हा पण तसाच होईल. मुलाला आम्ही 'काकाला नर्व्हसचा त्रास आहे' एवढंच सांगितलंय. हा आजार रक्तातून येतो का? पाठवू की नको? (एक वडील, सातारा जिल्हा)

उत्तर : पाठवा. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या घरात गेले कित्येक दिवस याच्यावरून कुणाला धड झोप लागली नसणार.

रक्तातून येते ती आजाराची शक्यता. कुठल्याही शंभर लोकांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो, सख्ख्या भावाला किंवा आईवडिलांपैकी एकाला असेल तर हे प्रमाण दहाच्या आसपास जातं, आणि काका-पुतण्या नात्यात २ ते ४. म्हणजे तुमच्या मुलासारख्या शंभर पोरांतल्या किमान ९६ जणांना तो होत नाही, हे आईंना जरूर सांगा. जुळ्या भावांचं तर बघा, एकाच गर्भातून फुटलेले, जीन्स सेम टू सेम, तरी एकाला आजार झाला तर दुसऱ्याला जास्तीत जास्त निम्म्या वेळा होतो, नव्या अभ्यासांत तर त्याहून कमीच. आणि यात एकच एक असं खराब जीन नसतं, २०२२ च्या मोठ्या अभ्यासात डीएनएवर या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर, त्यातल्या थोड्याफार तुमच्यामाझ्यातही असतात. म्हणून जीन टेस्ट वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, त्यातून मुलाचं भविष्य कळत नाही.

बाकीचा भाग परिस्थितीचा. गर्भात असताना आईची उपासमार, लहानपणी झालेली मारहाण किंवा अत्याचार, अशा बऱ्याच गोष्टी. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी या मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं बघितली. ज्यांना सतत टोचून बोलणारं, भांडणाचं घर मिळालं त्यांच्यात आजार जास्त दिसला, शांत घरात वाढलेल्यांत बराच कमी, आणि ज्यांच्या रक्तात तो धोका नव्हता अशा दुसऱ्या दत्तक मुलांना घर कसंही मिळालं तरी फारसा फरक पडला नाही! यावरून प्लीज कुणी आईबापांना दोषी धरू नका. पण 'हा पण तसाच होईल' हे वाक्य त्याच्या कानावर पडणं आजपासून बंद करा.

आता गांजा. हॉस्टेलवर तो मिळतो, 'वीड' म्हणून मिळतो आणि झाडपाल्याचंच आहे, काही होत नाही असं सांगून मिळतो. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांचा १५ वर्षं मागोवा घेतला, त्यात ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट निघालं. बाकीच्या गोष्टी हिशेबात धरल्यावर आकडा बराच खाली येतो, पण दुपटीच्या वर राहतोच. रूममेट ओढेल आणि त्याला काही होणार नाही, म्हणूनच तुमच्या मुलाला धोका पटवून द्यायला अवघड जाईल. त्याला सरळ सांगा की बाबा, तुझ्या घरात हा आजार आहे, तू रूममेटशी बरोबरी करू नको.

आणि हे सांगायचं तर काकाचं खरं सांगावं लागेल. आजाराचं नाव घेऊन सांगा, मेसच्या जेवणाची गोष्टही सांगा. माझ्याकडे येणारी कित्येक पोरं म्हणतात, कुणी नसताना आवाज यायला लागले तेव्हा वाटलं आपणच कुणीतरी घाणेरडे आहोत, घरी कसं सांगणार. एकाने तर महिनाभर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बँडएड लावून ठेवलं होतं, मित्रांना वाटलं गंमत करतोय. ज्या पोराला घरातलं माहीत असतं ते लवकर फोन करतं.

लक्ष कशावर ठेवायचं? चार-पाच रात्री झोप उडणं, आंघोळ आणि क्लास दोन्ही सुटणं, 'ग्रुपवर सगळे माझ्याबद्दलच लिहितात' असं ठामपणे म्हणणं. एखादी गोष्ट परीक्षेच्या टेन्शनमध्येही होते, पण दोन-तीन एकत्र आल्या आणि आठवडाभर टिकल्या तर सेमिस्टर संपायची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, उपचार जितके लवकर सुरू होतील तितका मुलगा लवकर सावरतो. तुमच्या भावाच्या वेळी किती महिने गेले होते ते आठवून बघा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तो त्याच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून द्या.

आणि भावाच्या पुढच्या फॉलोअपला जाताना मुलाला बरोबर घेऊन जा, काकाची हरकत नसेल तर डॉक्टरांशी त्यालाच बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर थांबलात तरी चालेल.