दवाखान्याचा कारभार खासगी संस्थेकडे गेल्याने बिघडते काय?

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक वाचक): खासगी भागीदारीतले वैद्यकीय महाविद्यालय (ज्याला जिल्हा रुग्णालय जोडले जाते) नको, सरकारीच हवे, यासाठी विजयपूरच्या लोकांनी 2025 मध्ये धरणे धरले होते. आमच्या गावात मात्र अनेक जण म्हणतात, की बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात, केसपेपरसाठी सकाळपासून ताटकळण्यापेक्षा कारभार एखाद्या खासगी संस्थेने पाहिलेला बरा, कारण गरिबांना उपचार तरीही मोफतच मिळणार आहेत. मग विरोध कशासाठी, आणि करायचाच तर आम्ही खेड्यातल्या माणसांनी तो कसा करायचा?

उत्तर: रांगेचा त्रास खरा आहे आणि तो सोसणाऱ्याला कोणी तत्त्वज्ञान ऐकवू नये. परंतु ही रांग का लागते, ते आधी पाहायला हवे. सरकारच्याच निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात 30,000 आणि डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असायला हवे. केंद्राची इमारत उभी असली, तरी डॉक्टरची जागा रिकामी असेल आणि औषधे वेळेवर येत नसतील, तर तुमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा तापाचा रुग्णसुद्धा बेळगावची एसटी धरतो आणि सिव्हिलची रांग वाढते. तिथला व्यवस्थापक बदलल्याने कणकुंबीकडे डॉक्टर येणार नाही.

आता ‘मोफतच राहणार’ या शब्दांकडे येऊ. नीती आयोगाने 2020 च्या जानेवारीत जिल्हा रुग्णालये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याचा जो आराखडा मांडला, त्यात खाटांचे दोन भाग होते: एक सवलतीच्या खाटांचा आणि दुसरा बाजारभावाने पैसे घेण्याच्या खाटांचा. अशी वाटणी झाली, की सवलतीची खाट कोणाला द्यायची हे खिडकीवर ठरू लागते. ती खिडकी मी जवळून पाहिली आहे. माझ्या मावशीला एका रुग्णालयात योजनेतून दाखल करायचे होते. तिच्या बीपीएल कार्डावर नावापुढे ‘बाई’ होते आणि आधारवर नव्हते. तेवढ्या एका शब्दासाठी ‘दुरुस्ती करून आणा, तोवर ॲडव्हान्स भरा’ असे सांगण्यात आले, आणि संध्याकाळच्या आत मावसभावाला आईच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. रेशनकार्डावरील मराठी नावे कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुन्हा आधारवर जाताना कशी बदलतात, हे सीमाभागातल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे बीपीएल कार्ड नाही, त्यांची तर गोष्टच वेगळी: 2018 मध्ये सुरू झालेल्या आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण दिले गेले, तर एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरील, कुटुंबाला खर्चाच्या केवळ 30 टक्के आणि तेही दीड लाखाच्या मर्यादेत. सर्वांसाठीची आरोग्यसेवा म्हणजे जिथे आजारी माणसाला आधी कार्ड विचारले जात नाही. ती सेवा टिकावी म्हणूनच हा विरोध आहे, आणि मी त्या बाजूने आहे.

दुसरे कारण कराराचे आहे. इंग्लंडमधले हिंचिंगब्रुक रुग्णालय 2012 मध्ये 10 वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे चालवायला दिले होते. तो तिथला पहिलाच प्रयोग होता आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. रुग्णांची वाढती संख्या आणि अपुरा निधी यांचे कारण देऊन, 2015 च्या सुरुवातीलाच करारातून बाहेर पडत असल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि रुग्णालय पुन्हा सार्वजनिक व्यवस्थेलाच सांभाळावे लागले. कंपनीला असे निघून जाता येते. खानापूरच्या माणसाला जायला दुसरी जागा नसते. लोकांनी वेळीच हरकत घेतली तर काय होऊ शकते, हे माद्रिदमध्ये दिसले: 6 सार्वजनिक रुग्णालयांचे व्यवस्थापन कंपन्यांकडे देण्याचा तिथल्या प्रादेशिक सरकारचा बेत डॉक्टर, परिचारिका आणि नागरिकांचे मोर्चे आणि न्यायालयाची स्थगिती यांमुळे 2014 च्या जानेवारीत मागे घेतला गेला.

तुम्ही काय करायचे? मोर्च्याच्या आधी कागद मिळवा. माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपये भरून, आपल्या केंद्रात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कंत्राटी किती, आणि कोणत्याही खासगी संस्थेशी करार झाला असल्यास त्याची प्रत, एवढे मागा. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून जागांचा एक आणि कराराचा दुसरा, असे दोन अर्ज करा. कायद्याप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. तेव्हा तो कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून लिहून घ्यावा. मराठीतून कागद मिळावेत हा आपला आग्रह रास्तच आहे, पण त्यासाठी हा अर्ज अडकवून ठेवू नका, आणि या कामात कन्नड शेजारी सोबत असलेला चांगला, कारण रांगेत तोही आपल्याबरोबर उभा असतो. उत्तर हाती आले, की ग्रामसभेत रिक्त जागा भरण्याचा ठराव घ्या आणि कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी तो घेऊन बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनावर जा. 2017 मध्ये खासगी रुग्णालयांवरील नियंत्रणाचे विधेयक आले, तेव्हा खासगी डॉक्टरांनी याच अधिवेशनावर दबाव आणून त्यातील तरतुदी सौम्य करून घेतल्या होत्या. रुग्णांचा आवाज तिथे पोहोचायला हवा.

प्रश्न (निपाणीहून एक वाचक): महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातील 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले. तिचा लाभ मिळत असेल, तर इथल्या सरकारी दवाखान्यासाठी भांडायचे कशाला?

उत्तर: लाभ मिळत असेल तर जरूर घ्या. मात्र अशी योजना ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार यांचे पैसे रुग्णालयाला देते. बाळाचे लसीकरण, रात्री अडलेली बाळंतीण, भातखाचरात झालेला सर्पदंश यांना गावाजवळचेच केंद्र लागते. या आठवड्यात तुमच्या केंद्रात जाऊन, सर्पदंशावरील प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत आणि रात्री ती टोचायला कोण असते, एवढे विचारून आम्हाला कळवा.