घरी वेल्डिंग शिकतोय. पहिली वस्तू कोणती करू, स्क्वेअर पाइपचं स्टूल की छोटं गेट? आणि मशीन कोणतं घ्यावं?

स्टूलही नको, गेटही नको. कुंडीचा स्टँड करा, आणि तोही २५ × २५ × ३ मिमी एमएस अँगलचा (साध्या लोखंडाची, L आकाराची पट्टी; दोन्ही बाजू २५ मिमी, जाडी ३ मिमी).

"पाइपचं स्टूल कर, सोपं असतं" असं नवशिक्याला सांगणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. फर्निचरचा पाइप बहुतेक वेळा १८ गेजचा, म्हणजे जेमतेम १.२ मिमी जाडीचा असतो. त्यावर २.५ मिमीचा रॉड (वितळून जोड भरणारी वेल्डिंगची काडी) लावून हात क्षणभर रेंगाळला की भोक पडतं. ते बुजवायला गेलं की आणखी मोठं होतं. शिवाय स्टूलवर माणूस बसतो, कोणी त्यावर चढून माळ्यावरचे डबेही काढतो. शिकाऊ हाताचा जोड तिथे नकोच. गेटची चौकट मोठी, त्यामुळे जोडाच्या ओढीने ती पिळते आणि कडी जागेवर बसत नाही. स्टँडचा जोड सुटला तर फार तर कुंडी फुटेल.

अँगलचा १२०० मिमीचा एक तुकडा घ्या. ३००, ६०० आणि ९०० मिमीवर खुणा करा. प्रत्येक खुणेवर अँगलच्या एकाच बाजूत त्रिकोणी खाच मारा: खाचेचं टोक दुसऱ्या बाजूच्या मुळाशी आणि तोंड ४४ मिमी. त्याच बाजूची दोन्ही टोकं ४५ अंशांत कापा. आता व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) धरून तुकडा तिन्ही खुणांवर वाकवा, आतून साधारण ३०० मिमीची चौकट तयार होते. कोपऱ्यांतल्या फटी दीड मिमीच्या आत हव्यात. जास्त असतील तर रॉडने भरत बसू नका, कापणी सुधारा. या कामाचा मोठा भाग मापात आणि कापणीतच असतो, म्हणूनच महिनाभर भंगार पत्र्यावर नुसत्या रेघा ओढायला सांगणारेही मला पटत नाहीत. रेघांतून हात बसतो, पण जोडणी जुळवणं येत नाही.

आधी चारही कोपऱ्यांना फक्त टॅक मारा, म्हणजे तात्पुरता धरून ठेवणारा वेल्डचा छोटा ठिपका. मग दोन्ही कर्ण मोजा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हातोडीने ठोकून सरळ करा, कारण पूर्ण वेल्ड झाल्यावर चौकट ऐकत नाही. पाय २५० मिमीचे चार. ते कोपऱ्यांवर बाहेरून बसवा, पुन्हा टॅक, पुन्हा गुण्या लावून तपासणी. नंतर एक कोपरा झाला की समोरचा घ्या, शेजारचा नको. वेल्ड थंड होताना आकसतं आणि पायाला आपल्याकडे ओढतं. एका पायाची एकच बाजू सलग भरली तर काटकोनात लावलेला पाय तिरका झालेला डोळ्यांनी दिसतो. शेवटी चौकटीत २५ × ३ मिमीच्या सपाट पट्टीचे २९० मिमीचे दोन तुकडे आडवे. सहा मीटरच्या एका अँगलमधून असे दोन स्टँड होतात आणि सरावाला दीड मीटरहून थोडं जास्त उरतं.

रॉड ६०१३ (हा रॉडच्या प्रकाराचा क्रमांक), २.५ मिमीचा. करंट ७० ते ८० अँपिअर. आर्क, म्हणजे रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत, रॉडच्या जाडीएवढाच आखूड ठेवा, लांबला की ठिणग्या उडतात आणि वेल्ड पसरट, भोकांचं होतं. करंट कमी पडला तर वेल्ड दोरीसारखं वर बसून राहतं, जास्त झाला तर कडेला खाचा पडतात. प्रत्येक जोड झाला की स्लॅग (वेल्डवर जमणारा कडक थर) ठोकून ब्रश मारायचा, मगच पुढचा.

उरलेल्या अँगलमधून पट्ट्या कापून, एक दुसरीवर उभी ठेवून, T आकाराचा एक टी बनवा, त्याला एकाच बाजूने वेल्ड करा. व्हाइसमध्ये धरून वेल्डच्या बाजूला हातोडीने पाडा. तुटलेल्या जागी राखाडी, खरबरीत धातू दिसला तर ठीक. काळे ठिपके दिसले तर आत स्लॅग अडकलाय. मुळाशी कापलेली कड जशीच्या तशी सरळ दिसली तर तिथे लोखंड वितळलंच नाही, वरून वेल्ड कितीही देखणं असो. "ग्राइंडर मारला की सगळं एकसारखं" म्हणणाऱ्यांना हा तुटलेला टी दाखवावा. ग्राइंडरने दोष जात नाही, उलट आहे तेवढी जाडी कमी होते.

मशीनबद्दल एवढंच: सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरतं, कंपनीवरून वाद घालू नका. मात्र १६ अँपिअरच्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवरूनच चालवा, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवरून नाही.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप किंवा पत्रा घेऊ नका. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. हेल्मेटची काच १० किंवा ११ शेडची (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा क्रमांक), अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टेरीकॉट नको. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्रास रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. घरच्यांना आणि शेजारच्या मुलांनाही आडोसा हवा. पावसाळ्यात दमट झालेला रॉड सारखा चिकटतो, म्हणून पाकीट हवाबंद डब्यात ठेवा.

स्टूल करायचंच असेल तर सलग तीन-चार टी तुटल्यावर आतून स्वच्छ निघू द्या, आणि पाइप किमान २ मिमी जाडीचा घ्या.