उन्हं कलल्यावरचा सातारा : तुम्ही विचारा, आम्ही सांगतो

मागच्या अंकात साताऱ्यात संध्याकाळी गाइडबरोबर पायी फिरायचं असेल तर काय बघाल, यावर छोटी चौकट छापली होती. चौकट आठ ओळींची आणि पत्रं, मेसेज मात्र ढीगभर आले. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, उरलेल्यांची उत्तरं जमेल तशी देतोय.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी शनिवारी दुपारी साताऱ्यात पोचतोय, रविवारी कासला जायचंय. म्हणजे गावासाठी एक संध्याकाळच आहे. एक जण म्हणते गाइड कशाला, मोबाइलवर सगळं मिळतं. खरंच गरज आहे का? आणि सुरुवात कुठून करू? (एक वाचक, पुणे)

मोबाइल तुम्हाला राजवाड्यासमोर नेऊन सोडेल, पण तिथं उभं राहिल्यावर समोर दुचाक्या, भेळेच्या गाड्या आणि एक जुनी इमारत एवढंच दिसणार, मग फोटो काढून दहा मिनिटांत तुम्ही पुढं. माणूस बरोबर हवा तो यासाठी. पण माणूस चांगला असला तरच हां, नायतर मोबाइल परवडला.

सुरुवात बहुतेक जण राजवाड्यापासून करतात. मी म्हणेन तसं करू नका, रिक्षाने सरळ समर्थ मंदिरापर्यंत वर जा आणि तिथून राजवाड्याकडं उतरत या. साताऱ्यात सगळं चढ-उतारावर चालतं. दक्षिणेला अजिंक्यतारा किल्ला, गाव त्याच्या उत्तरेच्या उतारावर, वरचा रस्ता म्हणजे राजपथ आणि त्याच्या खाली खालचा रस्ता. पाटीवर कर्मवीर पथ लिहिलेलं असलं तरी रिक्षावाल्याला खालचा रस्ताच सांगा. या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या इतक्या तीव्र आहेत की उलटं फिरलात तर तासाभरात चौघींपैकी दोघी बाकडं शोधायला लागतील.

आणि उतरत येण्यात अजून एक गंमत आहे, कारण हे गावच वरून खाली आलेलं आहे. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटले, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा सातारा म्हणजे मुख्यतः वरचा किल्ला. पुढं त्यांच्या काळात पायथ्याला वस्ती वाढली, पेठा बसल्या. वारांच्या पेठा तर आहेतच, पण नुसती नावं ऐका, यादोगोपाळ पेठ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, रामाचा गोट, पंताचा गोट. गोट म्हणजे छावणी, सरदाराचा मुक्काम. म्हणजे ज्या गल्लीत तुम्ही आता स्कूटी चुकवत चालताय तिथं कधीतरी कुणाची तरी माणसं, घोडी आणि सामान उतरलेलं होतं. चांगला गाइड तुम्हाला पेठ ओलांडताना थांबवून सांगतो की इथं एक संपली, दुसरी लागली. नुसता देवळांची यादी वाचणारा नाही सांगत.

वाटेत अदालतवाडा बाहेरून बघा, मग मंगळवार तळं. तळ्याशी दहा मिनिटं तरी थांबा. साताऱ्याच्या जुन्या गावात तळी आणि हौद पावलोपावली आहेत, मोती तळं, फुटकं तळं, तिकडं राजपथावर कमानी हौद. पाणी डोंगराकडून उताराने खाली यायचं आणि तळ्या-हौदांत साठायचं. आजही कास तलावाचं पाणी साताऱ्याला येतं ते घाटमाथ्यावरून खालीच. तुम्ही रविवारी कासला जाणार आहात ना, मग शनिवारी हे बघून ठेवा, तलाव जास्त कळेल.

तिथून राजवाडा. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४ च्या सुमाराचा, शेजारचा नवा राजवाडा त्यानंतरचा. आत काय उघडं असेल ते त्या दिवशी विचारूनच ठरवा, संध्याकाळी बहुतेक बाहेरूनच बघणं होतं. पण इथली एक गोष्ट गाइडने सांगितली नाही तर तुम्ही विचारा. याच राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरायचं, आणि ७ नोव्हेंबर १९०० ला तिथं इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरला क्रमांक १९१४. शाळेला आता छत्रपती प्रतापसिंह महाराजांचं नाव आहे आणि ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. राजघराण्याच्या इमारतीत महार समाजातला मुलगा शिकायला बसला ही या वास्तूतली मला वाटतं सगळ्यात मोठी घटना आहे, आणि कितीतरी फेऱ्यांमध्ये ती एका वाक्यात उरकतात, ते मला अजिबात पटत नाही.

शेवट मोती चौकात कंदी पेढे घेऊन परत गांधी मैदानावर, म्हणजे चौपाटीवर. पेढे कुठल्या दुकानातले यावर साताऱ्यात घराघरात वाद आहेत, त्यात मी पडत नाही.

प्रश्न : किती वाजता निघावं? उन्हाळ्यात आणि थंडीत फरक पडतो का? (एक वाचक, कराड)

पडतो की. मे-जूनमध्ये सूर्य सातच्या पुढं मावळतो, नोव्हेंबरअखेर सहालाच अंधार. मावळतीच्या साधारण दीड तास आधी निघा, म्हणजे तळी आणि वाड्यांचं लाकूडकाम उजेडात दिसेल आणि बाजारात पोचाल तेव्हा दिवे लागलेले असतील. चार भिंतीवर, म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या १८५७ च्या स्मारकावर, जायचं असेल तर मात्र तेच आधी करा, अंधार पडल्यावर त्या चढाला जाऊ नका.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. आम्ही तिघं मित्र रविवारी संध्याकाळी बाहेरच्या लोकांना गावातून फिरवतो, थोडे पैसे सुटतात. परवा भुयारी मार्गाची गोष्ट सांगताना एका काकांनी मध्येच अडवलं, म्हणाले पुरावा काय? सगळे माझ्याकडं बघायला लागले. लोकांना गोष्टी हव्या असतात, मी काय करू? (एक विद्यार्थी, सातारा)

पहिलं म्हणजे त्या काकांचे आभार माना. दुसरं म्हणजे गोष्टी सोडू नका, फक्त नोंद कुठली आणि लोक सांगतात ते कुठलं, हे बोलतानाच वेगळं करा. "असं म्हणतात" हे दोन शब्द वापरायला पैसे पडत नाहीत.

खंड्याचंच घे. शाहू महाराजांचा लाडका कुत्रा. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्याची समाधी आहे, ती कुणालाही दाखवता येते. महाराजांनी त्या कुत्र्याचे लाड केले, भर दरबारात त्याला जरी-जवाहीर घालून आणलं हे ग्रँट डफने लिहून ठेवलंय, आणि हा डफ साताऱ्यालाच ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी होता, त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. आता खंड्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला ही झाली लोकांची गोष्ट. तीही सांग, जोरात सांग, पोरांना आवडते. फक्त समाधी, डफ आणि वाघ हे तिन्ही एकाच दमात एकाच आवाजात सांगू नको.

किल्ल्याच्या वेढ्याचं तर तुला काही वाढवून सांगायची गरजच नाही रे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार महिने गड हलेना, मग मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले आणि एप्रिल १७०० मध्ये बत्ती दिली. पहिल्या सुरुंगात गडावरची माणसं मेली, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले ते जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उडाला तो बाहेरच्या अंगाला, सगळा तट हल्ल्यासाठी खाली दबा धरून बसलेल्या मोगली फौजेवरच कोसळला. मग पडला कसा गड? त्याच्या आधी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ती बातमी पोचली, रसद संपत आली, आणि बोलणी करून गड दिला. औरंगजेबाने शहजाद्याच्या नावावरून नाव ठेवलं आझमतारा. ताराबाईंच्या काळात मराठ्यांनी परत घेतला. हे सगळं तुला राजवाड्याच्या चौकात उभं राहून गडाकडं बोट करत सांगता येतं, गडावर न्यायचीही गरज नाही. यात भुताखेताचा भुयारी मार्ग कशाला घुसडायचा? भुयाराची गोष्ट प्रत्येक गावाच्या गाइडकडं असते.

आणि एक राहतंय ते १८५७. सातारच्या फेऱ्या शाहू महाराजांपाशी सुरू होतात आणि तिथंच संपतात, पुढचं शतक गायब. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं, १८४८ मध्ये त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या भावाचा दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं, डलहौसीच्या त्या धोरणाचा पहिला बळी सातारा. रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं झगडले, हाती काही लागलं नाही, परत आले आणि उठावाच्या तयारीला लागले. बेत फुटला. सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडामाळावर १७ जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः सापडलेच नाहीत, कधीच नाही. चार भिंतीचं स्मारक दाखवताना लोकांना नुसता खालच्या गावाचा व्ह्यू दाखवता ना तुम्ही? सेल्फी होऊ दे, पण त्यानंतर हे सांग.

पुरावा विचारला तर "दादा, हे कुठं वाचलं ते फेरी संपल्यावर सांगतो" असं म्हण आणि खरंच सांग.

प्रश्न : जुन्या वाड्यांचे दरवाजे उघडे असतात, आत डोकावलं तर चालतं का? मागच्या वेळी एक आजी रागावल्या. (एक वाचक, मुंबई)

रागावणारच. तो तुमच्यासाठी वाडा आहे, त्यांच्यासाठी घर आहे, आणि संध्याकाळची वेळ म्हणजे दिवाबत्तीची, पोरांच्या अभ्यासाची, सिरियलची. पंधरा जणांचा घोळका दिंडी दरवाजात उभा राहून मोबाइल आत धरतो म्हणजे काय? गाइडची घरच्यांशी ओळख असेल, त्याने आधी फोन केला असेल तर दोन-चार जणांनी चपला बाहेर काढून आत जा, काकू, आजी म्हणून दोन शब्द बोला, फोटोचं विचारा. बऱ्याचदा मग चहाच होतो. नसेल ओळख तर बाहेरून चौकट, कडीपाट, दारावरचा गणपती बघा आणि पुढं चला. गाइडने आवाज वाढवायचा स्पीकर लावला असेल तर गल्लीत तो बंद करायला सांगा, बाजारात चालेल.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात पण त्यांना यायचंच आहे. (एक वाचक, कोरेगाव)

त्यांना घेऊन नुसता राजवाडा ते मोती चौक करा, सपाटच आहे म्हणायला हरकत नाही. बाकीचे तळ्याकडून येईपर्यंत चौपाटीवर खुर्ची मिळते. आणि त्यांनाच बोलतं करा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बाजाराला साताऱ्यात येत असतील तर तुमच्या गाइडपेक्षा त्यांना जास्त माहिती असणार.

प्रश्न : सगळं सातारा सातारा. आमच्या सांगलीत काही नाही का बघण्यासारखं? (एक रागावलेला वाचक, सांगली)

आहे की राव, चिडू नका. फक्त सांगलीची संध्याकाळ वेगळी, तिथं चढ नाही, नदी आहे. चिंतामणराव पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली त्यांच्या संस्थानाची राजधानी झाली, गणेशदुर्ग आणि कृष्णाकाठचं गणपती मंदिर त्यांच्यामुळं. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सीतास्वयंवराचा खेळ केला, रंगभूमी दिन त्याच तारखेचा. तर फेरी गणपती मंदिरापासून घाटावर आणि मग आयर्विन पुलावर संपवा. १९२९ चा पूल, आणि पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचं लक्ष तिथल्या पाणीपातळीकडं, "आयर्विनला किती फूट?" हा प्रश्न बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगा आणि घाटावर २००५ आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत चढलं ते दाखवा. सांगली समजायला मला वाटतं हे हळदीच्या पेठेपेक्षाही जास्त उपयोगाचं आहे. दुसऱ्या दिवशी मिरजेत तंतुवाद्यांच्या कारागिरांकडं जा, ते मात्र सकाळी, संध्याकाळी काम आवरतं घेतात.

प्रश्न : गाइडला किती द्यायचे? आणि पावसाळ्यात फेरी जमते का? (दोन-तीन वाचकांनी विचारलंय)

पैशाचं निघायच्या आधी, माणशी की ग्रुपचे, हे स्पष्ट बोला. शेवटी चौपाटीवर सगळ्यांसमोर घासाघीस करणं दोघांनाही अवघड जातं. त्याच्या खाण्याचं बिल तुम्ही द्या, एवढं तरी करा.

पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टात, माझं मत विचाराल तर नको. ढग गडावर टेकलेले असतात, चार भिंतीवरून काही दिसत नाही आणि गल्ल्यांमधल्या फरशा निसरड्या. तेव्हा बसस्थानकाजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय दिवसा करा, २०२४ च्या जुलैत लंडनहून आणलेली वाघनखं पहिल्यांदा तिथंच ठेवली होती. उघडायच्या-बंद व्हायच्या वेळा आधी फोन करून विचारा. पायी फेरीसाठी ऑक्टोबरपासून पुढं कधीही या, फक्त दसऱ्याची संध्याकाळ सोडून. त्या दिवशी राजघराण्याच्या जलमंदिर वाड्यातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्याकडं निघते, रस्ते गच्च असतात, गाइडचं बोलणं कानावर येणार नाही. मिरवणूक बघायची असेल तर जरूर या, पण गाइड घेऊ नका.