एआयच्या स्कॅनमुळे त्वचेची बायोप्सी टाळता येईल का?

आईच्या गालावरच्या डागाची बायोप्सी सांगितलीय, ती एआयच्या स्कॅनने टळेल का, असं विचारलंय तुम्ही. आज तरी नाही.

एआय न कापताच त्वचा तपासतं ही बातमी आमच्या थोरल्या काकांनी घरच्या ग्रुपवर टाकली होती, वर ‘मी म्हणत नव्हतो?’ म्हणून. काकांचं पालुपद एकच: सुरी लागली की कॅन्सर उधळतो. बाबांच्या टाचेवर काळा डाग पसरत होता तेव्हा त्यापायी घरात कोणी बायोप्सीचं नाव काढू देईना. लेप झाले, काढे झाले, चपला बदलून झाल्या. डाग फुटून रक्त यायला लागलं तेव्हा मीच बाबांना रिक्षात घालून नेलं. भुलीचं इंजेक्शन काय ते दुखलं. साबुदाण्याएवढा तुकडा काढला, टाका घातला, बाबा लंगडत खाली येऊन चहा प्यायले. मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कॅन्सर, निघाला. पुढे टाचेचा बराच भाग काढून मांडीची कातडी लावावी लागली, ती आधीच्या लेप-काढ्यांच्या कृपेने. तुकडा काढल्याने मेलानोमा पसरतो याला काडीचा आधार नाही, हे काकांना डॉक्टरांनीही सांगून झालं.

आता ती बातमी. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या आयदोगान ओझजान यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं, की कॉन्फोकल मायक्रोस्कोपने लेझर टाकून घेतलेल्या त्वचेच्या करड्या चित्रांना न्यूरल नेटवर्क, म्हणजे एआयच, बायोप्सीच्या स्लाइडसारखा गुलाबी-जांभळा रंग चढवू शकतं, तोही काही न कापता. काम अफलातून आहे. पण तो प्रकाश जेमतेम पाव मिलिमीटर आत पोचतो, आणि मेलानोमात सगळं अडतं ते जाडीवर, म्हणजे तो किती खोल गेलाय त्यावर. किती कातडी काढायची, लसिका गाठी तपासायच्या का, हे तिच्यावरच ठरतं. टाचेचा तर वरचा निबर थरच पाव मिलिमीटरहून जाड! अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेलं डर्मासेन्सर हे हातातलं यंत्रसुद्धा संशय आला तर पुढे तपासा एवढंच म्हणतं. आणि मोबाइलवरची ॲपं बहुतेक गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली, त्यांच्यावर मी तरी आईला सोपवणार नाही.

घरात कोणी ‘पसरतो’ म्हणत असेल तर त्याला सरळ डॉक्टरांपुढे नेऊन बसवा, ग्रुपवर वाद घालू नका.

हां, मी डॉक्टर नाही. आणि बाबांचं दुखणं टाचेचं होतं, तुमच्या आईचं गालाचं. गालावर, नाकावर बेसल सेल कार्सिनोमाची (हाही त्वचेचाच कॅन्सर, पण सहसा हळू वाढणारा) शंका असेल तर कॉन्फोकलचा खरंच उपयोग होतो, परदेशात त्यामुळे काहींची बायोप्सी वाचतेही. तेव्हा डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, लावून पाहिलंय का, कॉन्फोकल जवळपास कुठे आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तेवढ्यासाठी बायोप्सीची तारीख मात्र पुढे ढकलू नका.