आधी चित्र, मग ‘वाद’ : वाचकांचे प्रश्न

पाश्चात्त्य चित्रकलेवर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो आहे. पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिस्तीत वाचायचा म्हणून ग्रीकांपासून सुरुवात केली, पण गॉथिकपर्यंत पोचेस्तोवर पुढचं पाठ, मागचं सपाट झालं. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, महाल

ग्रीकांपासून तर करूच नका. क्रमवार इतिहास डोक्यात टिकायला आधी काही चित्रं ओळखीची असावी लागतात. पहिले दोन महिने फक्त पॅरिस घ्या, तेही १८६३ ते १८८६ एवढंच. या काळातल्या तारखा पक्क्या आहेत. चित्रांचे विषयही रेल्वे स्टेशन, नदीकाठ, नाचाची तालीम असे आहेत, त्यामुळे बायबल किंवा ग्रीक पुराणं ठाऊक नसली तरी अडत नाही. आणि भांडण कशावरून होतं ते उघड दिसतं.

१८६३ मध्ये सलोन या सरकारमान्य प्रदर्शनाने ढीगभर चित्रं नाकारली. ओरड झाली, तेव्हा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवू दिलं. एद्वार माने या चित्रकाराचं ‘गवतावरचं जेवण’ तिथे लागलं. १५ एप्रिल १८७४ रोजी मोने, रन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो वगैरे, पुढे इम्प्रेशनिस्ट म्हणवल्या गेलेल्या, मंडळींनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःच प्रदर्शन मांडलं. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शनं झाली, आणि आठही वेळा चित्रं लावणारा एकटा पिसारो. शेवटच्या प्रदर्शनात ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं, जॉर्ज सरा या चित्रकाराचं ‘ग्रांद जात’ लागलं. इथून मागेही जाता येतं आणि पुढेही.

या सगळ्याला एक साधं, हातातलं कारणही होतं. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या पत्र्याच्या, दाबून रंग काढायच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मिळायचा. टाचणीने भोक पाडून तो काढायचा, आणि एकदा भोक पडलं की उरलेला रंग सुकायला लागायचा. झाकण लागणारी नळी आल्यावर दिवसभर नदीकाठी बसून तैलचित्र पुरं करणं सोपं झालं.

पाहायची पद्धत अशी ठेवा : एका बैठकीला एकच चित्र, निदान अर्धा तास. वहीत साल, माप, कशावर कशाने रंगवलं, मुळात कुठे लावायला केलं आणि पैसे कोणी दिले हे लिहा. यात माप सगळ्यात जास्त चुकतं, कारण मोबाईलवर सगळी चित्रं तळहाताएवढीच दिसतात. व्हान आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी पतिपत्नींचं चित्र जेमतेम ८२ बाय ६० सेंटिमीटर आहे. रेम्ब्रांचं १६४२ चं ‘नाइट वॉच’ सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद, म्हणजे दहा फुटी छताच्या फ्लॅटमध्ये ते उभंच राहणार नाही. तेही आज उरलेलं माप. १७१५ मध्ये ते आम्स्टरडॅमच्या नगरभवनात दोन दारांमधल्या जागेत बसवायला चारही बाजूंनी कापलं, डावीकडून सर्वांत जास्त. मोजपट्टी घेऊन गच्चीच्या भिंतीवर खडूने दोन्ही चौकटी आखा. पहिलं चित्र हातभर अंतरावरून वाचायचं आहे आणि दुसरं खोली ओलांडून पाहायचं आहे, हे लगेच लक्षात येईल.

आर्नोल्फिनीच्या चित्रात मागच्या भिंतीवरच्या गोल आरशापाशी थांबा. आरशात त्या दोघांच्या पाठी दिसतात आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसं. आरशाच्या चौकटीत दहा इवल्या गोलांत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग आहेत. वर भिंतीवरच चित्रकाराने लिहून ठेवलंय की ‘यान व्हान आइक इथे होता, १४३४’. एवढं बारीक काम तेलामुळे जमलं. तेल सावकाश वाळतं, त्यामुळे ओकच्या फळीवर पारदर्शक रंगाचे पातळ हात एकावर एक देता येतात.

प्रश्न : माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. मुलं विचारतात, जोत्तोची भित्तिचित्रं लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’पेक्षा दोनशे वर्षं जुनी असूनही जास्त चांगली कशी राहिली? वर्गात दाखवता येईल असं काही सांगाल का?
— एक शिक्षिका, काटोल रोड

जोत्तोने पादुआच्या अरेना चॅपेलमध्ये १३०५ च्या सुमारास ओल्या गिलाव्यावर रंगवलं. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. त्या चुनखडीतच रंगाचे कण अडकतात. रंग भिंतीवर बसत नाही, तो भिंतीचा भाग होतो. जोत्तोच्या चित्रांतही निळा बऱ्याच ठिकाणी उडालाय, कारण त्या काळचा अझुराइट निळा ओल्या चुन्यात चालत नसे. तो वाळल्यावर चिकट माध्यमात मिसळून वरून लावायचे.

लिओनार्दोला हे काम मानवणारं नव्हतं. ओला गिलावा त्या दिवशी संपवावाच लागतो, आणि त्याला आठवडाभर थांबून एक चेहरा सुधारायचा असे. म्हणून १४९५ ते १४९८ या काळात मिलानच्या एका मठात त्याने कोरड्या भिंतीवर अस्तर देऊन वरून रंगवलं. भिंतीत ओल होती. वीसेक वर्षांतच पापुद्रे सुटू लागले. १६५२ मध्ये मठवाल्यांनी खालून दार काढलं, त्यात येशूचे पाय गेले. १९९९ मध्ये संपलेलं जीर्णोद्धाराचं काम वीस वर्षांहून अधिक चाललं होतं.

वर्गात दोन फरशा करा. सहा इंची, न चकाकणाऱ्या मातीच्या फरशा किंवा सपाट कौल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी फरशी गिलाव्यातलं पाणी शोषते आणि थर सुटतो. विरलेला चुना लोण्याइतका घट्ट हवा, महिनाभर पाण्याखाली मुरलेला असेल तर उत्तम. थोडंच काम असेल तर पानाचा चुनाही चालेल. कन्हानची रेती चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मातकट रेतीने गिलाव्याला भेगा जातात. पहिला थर एक भाग चुना, अडीच भाग रेती, बोटभर जाड नको, पाच मिलिमीटर पुरे. तो आवळला की वर एक भाग चुना आणि दीड भाग बारीक रेतीचा तीन मिलिमीटरचा थर थापीने दाबून द्या. बोट टेकवलं तर ठसा उठावा पण बोटाला चुना लागू नये, तेव्हा रंगवायला घ्या.

रंग नुसत्या पाण्यात कालवलेले. गेरू, पिवळी माती, काजळी. काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी दोन थेंब स्पिरिट लावा. पोस्टर कलर वापरू नका. प्रशियन निळा तर चुन्यात तपकिरी पडतो. ब्रश ओढताना अडखळायला लागला की थांबायचं. त्यानंतरचा रंग पकडला जात नाही, वाळल्यावर हाताला लागतो. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळून बराच फिका होतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या फरशीवर तोच गिलावा पूर्ण वाळू द्या, मग अंड्याच्या बलकात कालवलेला रंग लावा. महिन्याने दोन्ही फरशांचा खालचा भाग आठ दिवस पाण्यात उभा ठेवून ओल्या फडक्याने पुसून पाहा.

हे एप्रिल-मेमध्ये करू नका. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर चुनखडी व्हायच्या आधीच वाळतो आणि नुसती पूड उरते. ऑगस्ट किंवा डिसेंबर बरा. फरशी कूलरच्या झोतात ठेवू नका, रात्री ओल्या गोणपाटाखाली ठेवा. उलट पाणी फार झालं तर बुरशी येते. सिस्टिन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोलाही सुरुवातीला तोच त्रास झाला होता. आणि कळीचा चुना मुलांसमोर विरवू नका, तो उकळून उडतो. विरलेला चुनाही डोळ्यांत गेला तर इजा करतो. चष्मे आणि हातमोजे घालूनच काम.

प्रश्न : सीईटीची तयारी करतोय. रेनेसाँ आणि बरोक यांतला फरक पाठ केला तरी समोर चित्र आलं की गोंधळ होतो.
— एक विद्यार्थी, लक्ष्मीनगर

व्याख्या बाजूला ठेव आणि एकाच विषयाची दोन चित्रं शेजारी लाव. लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ घे : टेबल आपल्यासमोर आडवं, छताच्या सगळ्या रेषा येशूच्या डोक्यापाशी मिळतात. तिथे भिंतीत खिळ्याचं भोकही सापडलंय, बहुधा दोरी ताणून रेषा आखायला ठोकलेल्या खिळ्याचं. आता व्हेनिसमधलं तिंतोरेत्तोचं १५९२-९४ चं भोजन घे. टेबल तिरकं आत गेलंय, पुढे नोकरमाणसांची लगबग आहे आणि येशू दूर, प्रभावळीवरूनच ओळखू येतो. तिंतोरेत्तोला पुस्तकं मॅनरिस्ट (रेनेसाँ आणि बरोक यांच्या मधल्या शैलीचा) म्हणतात, बरोक नव्हे. पण पुढे काय येणार ते इथेच दिसतं.

बरोकसाठी बायबलच्या कथेतल्या ज्युडिथने शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचा शिरच्छेद केल्याची दोन चित्रं पाहा. काराव्हाज्जोच्या १५९९ च्या सुमाराच्या चित्रात ज्युडिथ अंग मागे घेऊन हात लांब करून कापते आणि म्हातारी दासी बाजूला उभी आहे. आर्तेमिसिया जेंतिलेस्कीच्या दोन्ही चित्रांत दासी तरुण आहे आणि तिने त्याला खाली दाबून धरलंय. ज्युडिथच्या बाह्या वर सारलेल्या, दोघींचं वजन त्या कामात उतरलंय. माझ्या मते आर्तेमिसियाचं चित्र जास्त खरं आहे, कारण धडधाकट पुरुषाला आवरायला किती जोर लागेल याचा विचार तिने केलाय. दोन्हींकडे पार्श्वभूमी काळोखी, उजेड एका बाजूने, आणि क्षण नेमका घडत असतानाचा. परीक्षेत उत्तर लिहिताना उजेड कुठून येतो, मुख्य रेषा आडव्या-उभ्या की तिरक्या, आणि क्षण घडण्याआधीचा की घडतानाचा, एवढं आधी लिही. शैलीचं नाव शेवटी.

प्रश्न : व्हॅन गॉगच्या ‘बेडरूम’चे दोन प्रिंट आणले, दोन्हींचे रंग वेगळे. खरा कोणता?
— एक वाचक, मनीषनगर

दोन्ही खरे असू शकतात. त्या खोलीची त्याने तीन चित्रं केली. आज ती आम्स्टरडॅम, शिकागो आणि पॅरिसला आहेत. शिवाय मूळ रंगच बदललाय. भावाला लिहिलेल्या पत्रात तो भिंती फिक्या जांभळ्या असल्याचं सांगतो, आज त्या निळ्या दिसतात. त्याने वापरलेला तांबडा उजेडाने उडाला आणि निळा तेवढा राहिला.

पुढच्या वेळी दुकानातून आणण्यापेक्षा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून चित्र उतरवा. आम्स्टरडॅमचं रेइक्सम्यूझियम, न्यूयॉर्कचं मेट आणि शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट हक्कमुक्त चित्रं मोठ्या आकारात फुकट देतात. ए-थ्री छपाईला ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल हवेत. चित्र कापून कागदाच्या मापात बसवू देऊ नका, पांढरी कड राहिली तरी चालेल. बुलडीतल्या छपाईवाल्याला ‘रंग उठावदार कर’ असं चुकूनही सांगू नका. मॅट कागदावर आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघा.

प्रश्न : १९०० नंतरचे सगळे ‘वाद’, म्हणजे क्युबिझम, फ्युचरिझम वगैरे, लक्षात कसे ठेवायचे?
— एक वाचक, धरमपेठ

नाव कोणी दिलं ते पाहा, निम्मा गुंता सुटेल. काही नावं टीकाकारांनी हिणवायला दिली. १८७४ मध्ये लुई लरॉयने ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून त्या मंडळींची टर उडवली. १९०५ मध्ये लुई व्होसेलने मातीस, देरँ यांना जंगली जनावरं (फ्रेंचमध्ये ‘फोव्ह’, त्यावरून फोव्हिझम) म्हटलं, आणि १९०८ मध्ये ब्राकच्या चित्रांतल्या ठोकळ्यांवरही (‘क्यूब’, त्यावरून क्युबिझम) त्यानेच शेरा मारला. काही नावं मागाहून आली. ‘पोस्ट-इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द रॉजर फ्रायने १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी योजला, तेव्हा व्हॅन गॉग, सरा, गोगँ आणि सेझान चौघेही हयात नव्हते. त्या चौघांत एक समान शैली शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. फ्युचरिस्टांनी मात्र नाव स्वतः घेतलं, मारिनेत्तीचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ च्या ‘ल फिगारो’त छापून आला. ज्यांनी जाहीरनामा काढला त्यांची चित्रं त्या जाहीरनाम्याशी ताडून पाहावीत. बाकीच्यांच्या बाबतीत नाव विसरलात तरी बिघडत नाही.

प्रश्न : नागपूरहून अस्सल युरोपीय कलाकृती पाहायला कुठे जाता येईल?
— एक वाचक, सदर

सगळ्यात सोयीचं हैदराबाद, रात्रीच्या गाडीने. सालारजंग संग्रहालयात युरोपीय चित्रं आहेतच, पण आधी बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ‘पदर ओढलेली रिबेका’ ही मूर्ती पाहा. सालारजंग पहिले यांनी ती १८७६ मध्ये रोमला विकत घेतली. समोरून पाहिल्यावर कडेने फिरा. संगमरवरी पदर नाकाला कुठे चिकटलाय आणि गालापासून कुठे सुटलाय ते बघा. दगड तोच आहे. जिथे खोल कोरलंय तिथे सावली पडते, आणि सावलीमुळे कापड पातळ वाटतं. त्याच वर्षी पॅरिसला इम्प्रेशनिस्टांचं दुसरं प्रदर्शन भरलं होतं, पण पैसेवाल्यांची पसंती अजून अशा कामाला होती.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रं आहेत, बडोद्याच्या संग्रहालयातही स्वतंत्र दालन आहे. नागपुरातच राहून धागा पकडायचा तर चित्रकार एस. एच. रझा घ्या. ते मुंबईला जाण्याआधी इथल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये भेटलेल्या छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने त्यांना सेझान अभ्यासायला सांगितलं आणि १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. त्यांची पॅरिसला गेल्यानंतरची निसर्गचित्रं सेझानने काढलेल्या सेंत-व्हिक्तोआर डोंगराच्या चित्रांशेजारी ठेवून बघा, घरांचे ठोकळे कसे रचलेत ते दिसेल.

हैदराबादचं तिकीट काढताना वार पाहा. सालारजंग शुक्रवारी बंद असतं.