इम्युनिटी वाढवली की स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरायचा थांबतो का?

प्रश्न : काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालाय, लिव्हरमध्येपण डाग दिसलेत. घरात सगळ्यांचं एकच, इम्युनिटी वाढवा म्हणजे पुढे पसरणार नाही. पण डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की पसरायला पांढऱ्या पेशीच हातभार लावतात. मग नेमकं काय समजायचं? आणि इम्युनोथेरपीचं एवढं ऐकतो, ती का देत नाहीत?

उत्तर : डॉक्टर बरोबर बोलले. इम्युनिटी म्हणजे कमी-जास्त करता येईल अशी एकच ताकद, असं आपण धरून चालतो आणि तिथेच गडबड होते. पांढऱ्या पेशींत बऱ्याच जाती आहेत. कॅन्सरच्या पेशी मारायचं मुख्य काम टी पेशींचं, पण या गाठीत त्या फारशा शिरतच नाहीत, कारण गाठीचा मोठा भाग कॅन्सरच्या पेशींचा नसून त्यांच्याभोवतीच्या घट्ट तंतूंचा असतो, आणि आत जमलेल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी, ज्यांचं एरवीचं काम जंतू खायचं आणि जखम भरून आणायचं, त्या टी पेशींना थोपवतात, वर पेशींभोवतीचं तंतूंचं जाळं सैल करून कॅन्सरला रक्तवाहिनीपर्यंत वाट करून देतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसला प्रकार.

लिव्हरचं तर अजून विचित्र आहे. स्वादुपिंडातलं रक्त आधी लिव्हरकडेच जातं, म्हणून तिथे डाग जास्त दिसतात, हे खरंच, पण तेवढंच नाही. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या टीमने उंदरांवर दाखवलं की गाठ रक्तात एक्झोसोम नावाच्या बारीक पिशव्या सोडते, लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (याही मॅक्रोफेजच) त्या गिळतात, मग त्या टीजीएफ-बीटा नावाचं निरोप देणारं प्रोटीन सोडतात, त्याने शेजारच्या पेशी फायब्रोनेक्टिन नावाचं चिकट प्रोटीन बनवायला लागतात आणि त्याला धरून बोन मॅरोमधून आलेले आणखी मॅक्रोफेज तिथे ठाण मांडतात. म्हणजे कॅन्सरची पेशी पोचायच्या आधीच तिची सोय झालेली! या पिशव्यांमधलं एमआयएफ नावाचं प्रोटीन अडवल्यावर उंदरांत ही तयारी झाली नाही. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचीच आणखी एक जात) पण कमी नाहीत, जंतू पकडायला ते स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकतात आणि त्यात रक्तात फिरणारी कॅन्सरची पेशीही अडकून तिथेच मुक्काम करू शकते.

सूज हा यातला मोठा मुद्दा. 2012 च्या एका अभ्यासात उंदरांच्या स्वादुपिंडात गाठ दिसायच्या आधीच पेशी रक्तात उतरलेल्या सापडल्या, स्वादुपिंडाला सूज आणल्यावर त्या वाढल्या आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यावर कमी झाल्या. (हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने स्टेरॉइड सुरू करू नका, उंदरांचा प्रयोग आहे तो.)

इम्युनोथेरपीचं म्हणाल तर, ज्या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं ती औषधं टी पेशींवरचा ब्रेक काढतात, पण टी पेशी गाठीत नसतीलच तर ब्रेक काढून काय होणार? एमएसआय-हाय प्रकारच्या (म्हणजे ज्यांच्या पेशींना डीएनएतल्या चुका नीट दुरुस्त करता येत नाहीत अशा) गाठीत त्यांचा उपयोग होऊ शकतो, पण या कॅन्सरमध्ये तसे पेशंट शंभरात साधारण एखादाच. काकांची ती टेस्ट झालीये का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. 2023 मध्ये एमआरएनए लसीची एक छोटी ट्रायल आली होती, ऑपरेशन झालेल्या 16 जणांना दिली, 8 जणांत टी पेशी जाग्या झाल्या आणि त्यांच्यात कॅन्सर परत यायला बाकीच्यांपेक्षा उशीर लागला. पण ते सगळे ऑपरेशन होऊ शकलेले पेशंट, काकांची केस वेगळी आहे.

आणि ते इम्युनिटीच्या गोळ्या-पावडरींचं : त्या नेमक्या कुठल्या पेशींना चेव आणणार हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, काहींची केमोच्या औषधांशी टक्कर होते ती वेगळीच, त्यामुळे काका जे काही घेतायत ते सगळं पुढच्या व्हिजिटला पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा.