सहकारी बोलताना अडखळतो, तेव्हा शब्द पुरवावा का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातला नवा सहकारी तोतरं बोलतो, अडकला की तुम्ही त्याचा शब्द पूर्ण करून देता, हे बरोबर आहे का. हेतू चांगला आहे, पण नका देऊ.

शब्द त्याला आठवत नसतो असं नाही. समजा त्याला ‘पनवेल’ म्हणायचंय. ओठ मिटलेत, मागे हवा दाबून धरलीय आणि ओठ सुटत नाहीयेत. एवढ्यात तुम्ही ‘पुणे?’ म्हणालात की त्याला आधी ‘नाही’ म्हणावं लागतं, मग पुन्हा त्याच ‘प’शी झुंज. कित्येक जण कंटाळून ‘हो, पुणे’ म्हणून मोकळे होतात आणि तुमच्याकडे चुकीची माहिती येते.

‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ हेही नको. स्वतःच्या बोलण्यावर पहारा बसला की ताण वाढतो, पकड आणखी घट्ट होते. मुळात हा भित्रेपणा नाही. मेंदूत बोलण्याच्या हालचालींची जुळणी होते तिथला हा फरक, बऱ्याचदा आनुवंशिक. म्हणूनच तोच माणूस गाताना किंवा सगळ्यांबरोबर आरती म्हणताना सहसा अडत नाही. काल सरळ बोलला आणि आज अडला, तरी ते नाटक नव्हे. असं कमीजास्त होतंच.

मग करायचं काय? थांबायचं. नजर नेहमीसारखी ठेवा. ओठांकडे टक लावू नका, मोबाइलही काढू नका. ‘आज छान बोललास’ ही शाबासकी टाळा, त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या. फोनवर जास्त जपा. तिथे अडकणं म्हणजे नुसती शांतता, आणि लोक ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवतात.

सर्वांत अवघड असतं स्वतःचं नाव, कारण त्याला दुसरा शब्द नाही. बाकी ठिकाणी ‘पाणी’ अडलं तर ‘जरा तहान लागलीय’ म्हणून सुटता येतं. त्यामुळे मीटिंगमध्ये ओळखीची फेरी असली तर आपला नंबर येईपर्यंत आतल्या आत घालमेल होते. त्याला वगळू नका. आधी एकट्यात विचारा, ‘तू सुरुवात करतोस का?’

घरात दोन ते पाच वर्षांचं मूल असं अडखळू लागलं तर वागणं हेच ठेवा. बहुतेक मुलांचं आपोआप जातं. सहा महिने टिकलं, किंवा बोलताना चेहरा आवळू लागलं, तर स्पीच थेरपिस्ट गाठा. वेखंड चाटवून काही होत नाही.